तळ्यांतील आवाजाची हकीकत

श्रीगजाननाचे पायीं मस्तक ठेवून, कानीं आलें तैसें लिहिलें असे. ऐकणारानें कान शाबूत ठेवून ऐकावें. शके सोळाशें ब्याण्णव, विकृतीनाम संवत्सरीं, आषाढमासीं, एके राज्यीं किल्ल्याखालील तळ्याचे लव्हाळ्यांत पहाटे भयंकर आवाज होऊं लागला. तो चौकीदारानें ऐकिला आणि हवालदारास तोंडानें करून दाखविला, मग हवालदारानें दिवाण रंगोपंतांस, आणि पंतांनी महाराजांस. दरबारचा रिवाज ऐसा कीं महाराजांनी खालचें कांहीं आपले कानांनी ऐकूं नये, वरिष्ठाचे मुखें ऐकावें. पंतांचे मुखीं तो आवाज अडलेल्या म्हशीसारखा निघाला. महाराज पांढरे पडले आणि "ही गनिमाची खूण," ऐसें बोलिले. मग तळ्यावरील सटवोजी भोई पाण्यांतील जीव आवाजावरून ओळखितो, ऐसें कोणी सुचविलें आणि त्यास आणविलें. पंतांनी म्हैस करून पुसिलें, "हें कोण रे?" सटवोजी भीतभीत बोलिला, "मायबाप, हें तर आपणच दिसतां." दरबार हंसला नाहीं, तेणेंकरून तो अधिकच भ्याला. मग चुकल्यास कडेलोट ऐसें ठरवून त्यास पहाटे तटावर उभा केला. खालून "क्रर्र, क्वाक, क्वाक, क्वाक" ऐसा जो सूर लागला तो अर्धी घटिका थांबला नाहीं. सटवोजी म्हणाला, "पाणकोंबडी, सरकार. पांढरे छातीची. अंड्यांचे दिवसांत ओरडते. माणूस असता तर मधें दम घेता. ही घेत नाहीं." महाराज संतोषले, शेला दिला, आणि रोज पहाटे ऐकून "पक्षीच आहे" ऐसी खबर द्यावी, चुकल्यास तोच कडा, ऐसें नेमून दिलें.

पुढें कार्तिक लागला आणि मोसम सरला म्हणून पाणकोंबडी गप्प झाली. आधीं ओरडण्याचें भय, आतां न ओरडण्याचें. पंत म्हणाले, "पक्षी होता तर गेला कोठें? उद्यां ओरडला नाहीं तर तुझें तूं जाण." सटवोजी घरीं येऊन कपाळ धरून बसला. बायको बायजा म्हणाली, "अवं, तुमीच वरडा की. पंतापरीस तर बरंच जमंल." मग तो लव्हाळ्यांत गळाभर पाण्यांत शिरून पहाटे ओरडूं लागला आणि ओल्या अंगानें वर जाऊन "पक्षीच आहे" म्हणूं लागला, आणि राज्य स्वस्थ निजूं लागलें. माघ वद्य पंचमीस तो ओरडून थांबला, तों पैलतीरावरून उत्तर आलें. क्वाक, क्वाक, क्वाक. मग दम घेतला. मग पुन्हा क्वाक. सटवोजीनें कान टवकारले. डावीकडेही एक दम घेत होता. खरें सांगावें तर "तीन महिने कोण ओरडत होतें?" ऐसें पुसतील, आणि पुढें कडा. तैसाच ओल्या अंगानें वर गेला. पंतांनी अंथरुणांतूनच पुसिलें, "आज दोन-तीन ओरडले कीं रे?" "जोड्या जमल्या, सरकार." "बरें झालें," म्हणून पंत कुशीवर वळले.

तिसरे दिवशीं किल्ल्याचा तळ्याकडील दरवाजा गनिमाचे हातीं पडला. महाराज मागील वाटेनें निघून गेले आणि पंत नवे धन्यांपाशीं रुजू झाले. मग आषाढ आला आणि लव्हाळ्यांत आवाज झाला आणि नवे महाराजांचें तोंड उतरलें. पंतांनी सटवोजीस बोलाविलें, घसा साफ करून म्हैस केली आणि पुसिलें, "हें कोण रे?" सटवोजी कानामागें हात नेऊन म्हणाला, "सरकार, मला अलीकडे ऐकूं येत नाहीं."

ऐसें एक राज्य पाणकोंबडीनें भिवविलें आणि भोयानें निजविलें. कानीं आलें तितकें उतरलें. अधिक ऐकिलें नाहीं.