ताईंना ठेवून घेण्याचा कट

माझ्या नणंदबाई कमलताई परगावी निघाल्या की परत येण्याची तारीख प्रत्येकाला वेगळी सांगतात. दूधवाल्याला एक, शेजारणीला दुसरी, विहारातल्या बायकांना तिसरी. "कोणाच्या तारखेच्या आदल्या दिवशी चोरी होते ते पाहायचं," त्या म्हणतात. "मंग चोर कोणाचा माणूस आहे ते आपोआप कळते." चोरी आजपर्यंत झालेली नाही. पण त्याने ताईंना बरं वाटत नाही, उलट जास्तच संशय येतो.

जबलपुरात तिलवाऱ्याच्या रस्त्यावर त्यांचं लहानसं घर आहे. भाऊजी गेल्यापासून ताई तिथे एकट्या राहतात. मी त्याच शहरात, गोरखपूर मोहल्ल्यात, मीही एकटी. ताई काकडी घेतात तेव्हा आधी टोक कापून भाजीवाल्यालाच खायला लावतात. तो बिचारा हसत खातो. तो हसतो काहून, हाही ताईंचा एक प्रश्न आहे.

त्यांचा एकुलता एक मुलगा विवेक न्यूझीलंडला असतो. तो कितीतरी वर्षं बोलावत होता. शेवटी ताई तयार झाल्या, पण मला बरोबर घेऊन. "एकटीले विमानात बसवतील अन् कुठी उतरवतील, काय भरोसा?" विवेकने दोन तिकिटं पाठवली. जो मुलगा मामीचंही तिकीट काढतो त्याच्या मनात काहीतरी असणारच, हे ताईंनी विमानातच मला सांगून टाकलं.

तिथे पोचल्यावर तर त्यांना रान मोकळं मिळालं. पहिल्याच आठवड्यात ताईंनी दक्षिणेकडच्या कठड्यावर मिरच्या वाळत घातल्या. संध्याकाळपर्यंत तिथे ऊन आलंच नाही. विवेकने सांगितलं, इथे सूर्य उत्तरेकडून जातो. त्याने हातात संत्रं घेऊन फिरवून दाखवलं.

"अच्छा," ताई म्हणाल्या. "अन् हे तुले कोणी सांगतलं?"

"आई, किसी ने बताया नहीं, ऐसाच असतं."

"ज्या देशात सूर्याचा भरोसा नाही, तिथं माणसाचं काय घेऊन बसला?"

मग लिंबांचं झालं. शेजारच्या म्हाताऱ्या गोऱ्या बाईने एका सकाळी फाटकाशी खोकाभर लिंबं ठेवली. झाडाला जास्त आली की तिथे लोक अशी वाटून टाकतात. ताईंनी खिडकीतून पाहिलं आणि मला मागे ओढलं.

"हात लावू नको वो, शोभा."

"ताई, आपण कुठे असलं काही मानतो?"

"आपण नाही मानत. पण ती बाई मानत असंल तर?"

सूनबाईने, नेहाने, त्याचं सरबत केलं. ताईंनी आधी तिला पिऊ दिलं, मग मला, आणि आम्ही दोघी धडधाकट आहोत हे पाहून संध्याकाळी स्वतः प्यायल्या. नंतर त्या लिंबांचं लोणचंही घातलं, आणि त्यातली एक बरणी गुपचूप त्या बाईच्या दाराशी ठेवून आल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "पाहू आता ती खाते का."

शेवटचे दिवस जवळ आले तसा ताईंचा मोठा संशय बाहेर आला. विवेक आपल्याला जाऊ देणार नाही. पासपोर्ट लपवतील, आजारी पाडतील, काहीतरी करतील, पण ठेवून घेतीलच. त्यांनी परकराला आतून खिसा शिवला आणि पासपोर्ट त्यात ठेवला. रात्री झोपतानाही तो तिथेच. कूस बदलली की कडक कागदाचा आवाज यायचा आणि ताई दचकून जाग्या व्हायच्या.

"तू पाहून राहिली ना?" त्या माझ्या कानाशी म्हणत. "दोघं किचनमध्ये इंग्लिशमध्ये खुसफुसतात. मी गेली की चूप."

"काही कामाचं बोलत असतील."

"माझंच काम असंल. बॅग काट्यावर ठेवली तर विवेक म्हणतो सामान जास्त आहे, काढा. सामान नाही जाऊ देत, मंग माणसाले जाऊ देतील?"

मला हसू यायचं. पण सारखं ऐकून मीही त्यांच्या नजरेने पाहायला लागले. खुसफूस तर खरीच होती. मग एक दिवस एक माणूस टेप घेऊन आला आणि आमच्या खोलीची मापं घेऊन गेला. भिंत मोजली, खिडकी मोजली.

त्या दिवशी ताईंचा चेहरा पाहण्यासारखा होता. राग दाखवत होत्या, पण आवाज वेगळाच लागला होता. "पाहिलं? कपाट बसवून राहिले माझ्यासाठी. पुरा बंदोबस्त! मी साफ सांगीन, मले जबलपूरले जायचंच आहे. रडले तरी नाही थांबणार. नेहा पाया पडली तरी नाही." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "खिडकीकडं कपाट नको म्हणा पण. उजेड अडते."

दुपारी भांडी पुसताना मी धीर करून नेहाला विचारलं. ती ओशाळली. "मामी, आईंना आत्ता सांगू नका हं. ती खोली एका कॉलेजच्या मुलीला द्यायची ठरलीय, भाड्याने. ते माप तिच्या कपाटाचं होतं. घराचे हप्ते खूप जातात. आई गेल्या की दोन दिवसांत ती येणार आहे. आईंना वाईट वाटायला नको, म्हणून बोललो नाही."

तिचं काही चुकलं नव्हतं. मी बशी पुसत राहिले. ताईंना काय सांगू? तुमच्याविरुद्ध काहीही कट नाही, हे त्यांना कसं सांगायचं?

निघायच्या दिवशी ताई सकाळपासून तयार होऊन बसल्या. विवेक बॅगा गाडीत ठेवत होता. ताईंनी चष्मा विसरला म्हणून गाडी थांबवली, मग स्वेटर विसरला म्हणून थांबवली. दर वेळी घरात जाऊन दारात उभ्या राहायच्या आणि हळूहळू परत यायच्या. विवेक घड्याळ पाहत होता. "आई, चलो ना, लेट होईल."

विमानतळावर सगळं झालं आणि आता पुढे आम्ही दोघींनीच जायचं होतं. तेव्हा ताई म्हणाल्या, "विवेक, धर." आणि त्यांनी पासपोर्ट त्याच्या हातात दिला.

मी पाहतच राहिले. इतके दिवस ज्याला त्यांनी वाराही लागू दिला नव्हता, तो पासपोर्ट.

"नीट पाहून घे. तारीख गेली असंल तर जाऊ देत नाही म्हणतात."

विवेकने पानं चाळली. ताई त्याच्या हातांकडे पाहत होत्या.

"नहीं आई, सब ठीक है. अजून खूप वर्षं आहेत." त्याने पासपोर्ट परत दिला, वाकून पाया पडला. त्याचेही डोळे भरले होते. "पोचल्यावर फोन करा. चला, लाइन वाढते."

ताईंनी पासपोर्ट पर्समध्ये टाकला. साध्या पर्समध्ये, वरच्या वर.

विमानात मिळालेलं सगळं ताईंनी वास न घेता खाल्लं. बराच वेळ खिडकीबाहेर पाहून झाल्यावर म्हणाल्या, "शोभा, ते माप कशाचं घेतलं होतं वो?"

"नेहाच्या कपड्यांसाठी असेल. कपाटाचं."

"असंल," ताई म्हणाल्या. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दिल्लीहून गाडीने जबलपूरला आलो. दुपार होती. कटनी स्टेशन गेल्यापासून ताईंनी घराची चाबी पर्समधून काढून मुठीत धरली होती. स्टेशनवरून आधी गोरखपूर, माझं घर लागतं, म्हणून मी म्हटलं, अंघोळ करा, चहा घ्या, मग जा. पुढचंही एक वाक्य मी रस्ताभर मनात म्हणत आले होते. ते काही तोंडातून निघालं नाही. माझं असंच होतं.

ताई अंघोळीला गेल्या. चाबी पलंगावर, उशीशेजारी होती. मी ती उचलली, आणि न्यूझीलंडला जाताना कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेल्या तांदळाच्या डब्यात हात कोपरापर्यंत घालून तळाशी ठेवली. मग चहाचं आधण चढवलं.

ताई केस पुसत बाहेर आल्या. उशी उचलली. चादर झटकली. पर्स उलटी केली. पलंगाखाली वाकून पाहिलं.

"चाबी कुठी गेली?"

"रेल्वेत राहिली असेल," मी पातेल्यात बघत म्हटलं.

"रेल्वेत?"

"हो."

मला वाटलं, आता माझी झडती होणार. मग ताई स्वयंपाकघरात आल्या. "सरक," म्हणाल्या. "भुका लागल्या असतील. भात मी टाकते."

मी काही बोलायच्या आत त्यांनी डबा उघडला होता. तांदूळ थोडेच होते. त्यांचा हात आत गेला, आणि तिथेच थांबला. मग त्यांनी हात जरा बाजूला नेला, दोघींपुरते तांदूळ काढले आणि झाकण दाबून लावलं.

ताटात तांदूळ पसरून त्या निवडायला बसल्या. मान खाली होती.

"तांदूळ आणा लागतील," त्या म्हणाल्या. "पण त्याच डब्यात नको टाकू. दुसरा डबा घे."