अंतोबा गुळवे यांनी सातवी आवृत्ती घेतली ती हकीकत

श्रीअक्षरदेवता प्रसन्न. शके १९४१ विकारीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीपासोन ग्रंथराज्यात जे वर्तमान घडले ते यथास्थित लिहितो.

त्या राज्यी अंतोबा गुळवे कादंबरीकार होते. नऊ वर्षे खपोन त्यांनी पहिली कादंबरी सिद्ध केली आणि भिकाजीपंत प्रकाशकांचे हवाली केली. मग सहज पेठेतील दुकानी गेले, तो दर्शनी फळीवर हैबतराव काळोखे यांचा ग्रंथ, आणि वर ठळक अक्षरे, 'पाचवी आवृत्ती'. हैबतराव म्हणजे शाळेत एका बाकावरचे, आणि ग्रंथ निघोन तीनच महिने जाहले होते. अंतोबा तसेच माघारी फिरले. घरी येऊन कुटुंबास बोलिले, "पाचवी! त्या हैबत्याची! माझा निबंध बघून लिहायचा तो!" कुटुंब म्हणाले, "अहो, आधी जेवा." परंतु जेविले नाहीत.

दुसरे दिवशी स्वारी पंतांचे गोदामी दाखल जाहली, कारण हैबतरावांचे प्रकाशक तेच. पंतांनी चहा देऊन सत्कार केला आणि हसोन बोलिले, "घरचे म्हणून सांगतो. हजार प्रती एकदाच छापल्या. दोनशेंवर पहिली, दोनशेंवर दुसरी, असं पाचवीपर्यंत. आतलं एक पान आणि कव्हर बदललं, की झालं. निम्मे गठ्ठे इथेच पडलेत." अंतोबांस परम संतोष जाहला. तेथेच उठावे की नाही? परंतु मत्सर उठू देईना. म्हणाले, "मग माझ्यावर सातवी घाला."

"अहो, पहिली तर निघू दे!"

"सातवीच. झाडून सगळ्या प्रतींवर."

पंतांनी परोपरी समजाविले, ऐकिले नाही. मग फाल्गुनात ग्रंथ बाजारी उतरला. गिऱ्हाईक हाती घेई आणि म्हणे, "सातवी? जुनं दिसतंय, वाचनालयात मिळेल." वर्तमानपत्रांनी नव्या पुस्तकांचे सदरात घेतला नाही, आणि पुरस्कारवाल्यांनी 'केवळ प्रथमावृत्ती स्वीकारली जाईल' ऐसे लिहोन माघारी धाडिला. दुकानोदुकानींचे गठ्ठे परत फिरले. एकच प्रत खपली. ती कोणी घेतली म्हणोन अंतोबांनी पुसिले, तो दुकानदार बोलिला, "काळोखे साहेबांनी. सातवी बघून चेहरा पार उतरला हो त्यांचा." अंतोबांस स्वर्ग दोन बोटे उरला.

आठवड्याने हैबतरावांचा फोन आला. "अंत्या, जळत जळत उघडली तुझी कादंबरी, आणि दोनदा वाचली. मला यातलं एक पान जमायचं नाही. सात आवृत्त्या उगाच नाही निघाल्या." अंतोबांचे ओठी खरे आले होते, ते गिळोन "आभारी आहे" इतकेच वदले.

सारांश, नऊ वर्षांचे श्रमास वाचक एक लाभला, तोही दावेदार, आणि त्याने मनापासोन केलेली स्तुती सातव्या आवृत्तीने नेली. हैबतरावांवरचा राग तेव्हापासोन निवाला. हल्ली अंतोबा आपलेच पुस्तकावर जळतात.