पारूमावशीचा धोंडा

आमच्या शेजारच्या पारूमावशीकडे वॉशिंग मशीन आहे. पुण्याच्या मुलानं पाठवलेली. मावशी तिच्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवते आणि रोज सकाळी बादली उचलून धुणं धुवायला नदीवर जाते. "मशीन लय गुणाची हाय," म्हणते, "हलत न्हाई, डुलत न्हाई."

मी नगरपालिकेत कारकून. मागच्या वर्षी आमच्या पालिकेला नदीकाठ सुंदर करायची हुक्की आली. नदीत आठ महिने घोटाभर पाणी. पण काठाला फरशी, रेलिंग, बगीचा आणि सिमेंटची दोन हरणं बसवली की पाण्याकडे बघतंय कोण? 'हिरवळीवर चालू नये' हा बोर्ड तर हिरवळीच्या चार महिने आधीच लागला.

सगळं नकाशाबरहुकूम चाललं होतं. आडवा आला मावशीचा धुण्याचा धोंडा. नकाशात तिथं सेल्फी पॉइंट होता. शेजारी म्हणून नोटीस द्यायला मलाच धाडलं. मावशीनं ती उलटीपालटी करून पाहिली. "कागद बरा हाय," म्हणाली आणि बरणीखाली अंथरली.

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला तेव्हा मावशी धोंड्यावर बसलेली.

"आजी, इथं लोक फोटो काढायला येणार आहेत," इंजिनिअरसाहेब गोड आवाजात म्हणाले.

"मग काढा की. मी काय तोंड झाकून बसले?"

साहेब तासभर समजावत होते. बोलता बोलता मावशीनं ओल्या चादरीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. साहेबांनी पिळली. मग पुढची पिळली. दुपारी जेसीबी परत गेला आणि सेल्फी पॉइंट दहा पावलं सरकला. 'तांत्रिक कारणास्तव' हे शब्द माझेच.

उद्घाटन झालं. परवा रविवारी मी तिकडे फिरायला गेलो. मावशी एकटीच चादर आपटत होती.

"मावशी, ही तर कालच धुतली होती ना?"

मावशीनं चादर धोंड्यावर ठेवली.

"एकटीचं धुणं केवढं असणार, बाबा? लगेच सरतंय. आधी सात-आठ जणी असायचो इथं. ऊन डोक्यावर यायचं तरी बोलणं सरत नव्हतं." मग चादर पिळत हळूच म्हणाली, "तुझ्या घरचं काही असंल तर आणत जा."

सोमवारी मी दोन शर्ट घेऊन गेलो. मावशीनं ते बादलीत टाकले आणि धोंड्यावर सरकून मला जागा केली.

ऑफिसला पोचायला मला बारा वाजले.