रुपेरी नराच्या तपकिरी पिलांची बखर

जळीं, स्थळीं आणि पांखरांच्या पिसांतही ज्याचें कौतुक, त्यास नमन करोन वर्तमान लिहितों ऐसें जे. शके सोळाशें एक्केचाळीस, विकारीनाम संवत्सरीं एके राज्यीं महाराज नांदत होते, आणि त्यांच्या राणी गुणवंताबाईसाहेब. बाईसाहेबांच्या माहेरीं, शेजारच्या राज्यीं, तळ्यांत रुपेरी बदकें असत, तैसीं दुसरीकडे कोठें नव्हतीं. तेथील राजे बाईसाहेबांचे धाकटे बंधु रायाजीराव. त्यांणीं आंदण देते समयीं मोठी हिकमत केली, आणि एकलाच रुपेरी नर दिला, मादी दिली नाहीं; हेतु कीं रंग आपलेच घरीं राहावा.

मग बाईसाहेबांनीं तो नर सासरच्या तपकिरी मादीशीं जोडिला, आणि पिलें जाहलीं तीं झाडून सारीं तपकिरी. दरबार हांसला. महाराज बोलिले, "माहेरचा रंग कच्चा निघाला. पिलें मुदपाकखान्यांत धाडा." बाईसाहेब बोलिल्या, "माहेरच्या नराचीं लेकरें आहेत. हात लावून पाहावा." महाराज बहुत पराक्रमी, परंतु हात लाविला नाहीं. मग नर म्हातारा होऊन मेला, आणि तपकिरी पिलें वाढलीं, तीं आपसांत जोडिलीं, आणि त्यांच्या अंड्यांतून तपकिरी पिलांमध्यें एक फिकट पिलूं निघालें, तें पिसें येतां येतां लख्ख रुपेरी जाहलें.

हें वर्तमान माहेरीं पोंचलें. तेथें बदकें कमी होत चाललीं होतीं, म्हणोन रायाजीरावांस चोरीचा संशय होताच. ते घोडा फेंकीत आले आणि बोलिले, "आक्का, आमच्या तळ्यांतून अंडें चोरून आणविलेंत. कबूल करा, नाहींतर आजपासोन माहेर तुटलें." बाईसाहेबांस रडूं कोसळलें, कारण आईबाप निवर्तले होते आणि माहेर म्हणजे हा एकच भाऊ. मग डोळे पुसोन बोलिल्या, "तेंच जोडपें पुन्हा बसवितें. पहारा तुमचा."

मग घरट्याभोंवतीं भालाईत उभे राहिले, आणि रायाजीराव स्वतां पाट घालोन बसले, आणि राग विसरोन अंडें कानाशीं धरोन ऐकूं लागले, तों मादी त्यांस चावली. महिना सरतां अंडीं फुटलीं, आणि तपकिरी पिलांत पुन्हा फिकट पिलें निघालीं.

"आक्का, इतके दिवस हा रंग होता तरी कोठें?"

"आजोबांचे घारे डोळे आपले वडील आबासाहेब यांस नव्हते. मग तुम्हांस कोठोन आले, रायाजीराव?"

रायाजीरावांनीं ते घारे डोळे खालीं घातले आणि बोलिले, "चुकलों. चोर कोणीच नव्हता. आमचीं अंडींच फुटत नाहींत, फुटलीं तर पिलें जगत नाहींत. एक मादी उरली आहे. एक रुपेरी नर द्या."

"रुपेरीस रुपेरी, भावास बहीण, ऐसें पिढ्यान् पिढ्या जोडिलेंत, म्हणोन हें जाहलें. हा तपकिरी न्या. यांत आमच्या तळ्याची ताकद आहे, आणि आपला रंगही आहे."

"लोक काय म्हणतील? रुपेरी आणावयास गेला, तपकिरी घेऊन आला."

बाईसाहेबांनीं तो तपकिरी नर टोपलींत घालोन पुढें केला. मग रायाजीरावांनीं टोपली भालाईताकडे न देतां आपलेच पुढ्यांत घोड्यावर घेतली, आणि वेशीपाशीं लोक पाहों लागले तेव्हां मोठ्यानें बोलिले, "काय पाहतां? भाचा आहे आमचा. आजोळीं निघाला आहे."

येणेंप्रमाणें बाईसाहेबांचें माहेर राहिलें. रंग मधल्या पिढींत कोठें दडोन बसतो, हें मात्र आम्हांस अद्यापि उमगलें नाहीं.