एक माझा, एक तुमचा

आमच्या टेंबेकर डॉक्टरांबरोबर काम करायचं तर माडिया बोली यावी लागते, जंगलात पायी चालावं लागतं आणि अधूनमधून पदरात तोंड लपवावं लागतं. पहिल्या दोन्हींची मला लहानपणापासून सवय. तिसरं त्यांनी शिकवलं.

डॉक्टर गर्भपातावर संशोधन करतात. दिवस भरायच्या आधी बायकांचं पोट का पडतं, हे शोधायला ते एटापल्लीकडच्या गावांतून हिंडतात, आणि दुभाषी म्हणून मी त्यांच्या मागे. इथवर सगळं सरळ आहे. पण या माणसाचा एक नियम आहे. बाईला एक प्रश्न विचारला, की बाईने त्यांना एक विचारायचा आणि त्यांनी खरं उत्तर द्यायचं. अंगणात मांडी घालून बसले की पहिलं वाक्य ठरलेलं, "एक माझा, एक तुमचा."

आता बायका काय सोडतात होय? यांनी विचारावं, "पाळी वेळेवर येते का?" आणि समोरून यावं, "बायको तुले मारते का?" तिकडे सगळ्यांना तूच म्हणतात. पन्नाशीचा, अर्ध्या टकलाचा हा माणूस कानांपर्यंत लाल होतो आणि सांगतो, "एकदा लाटणं फेकलं होतं. लागलं नाही." शेजारच्या म्हाताऱ्यांना मराठी येत नसते, मग ते लाटणं मला माडियात सांगावं लागतं. अशा वेळी जमीन दुभंगावी असं वाटतं.

एकदा वैतागून म्हटलं, "सर, हे असं काऊन करता? ऑफिसातले हसतात आपल्याले."

"वनिताबाई, आपण परक्या बाईच्या दारात जाऊन विचारतो, तुझं पोट कधी पडलं. लाजेनं मरायला होतं तिला. एकटीनं का लाजावं? वाटून घ्यायची."

मी पुढच्या घराची वाट धरली.

अहेरीच्या बाजारात तर कहरच झाला. मागच्या महिन्यात भेटलेली एक बाई वांग्यांच्या ढिगापलीकडून ओरडली, "डॉक्टर, माहा एक राह्यला होता. घरी भांडण झालं तं आधी कोण बोलते?"

आजूबाजूचे सगळे थांबले. डॉक्टरांनी हातातलं वांगं खाली ठेवलं. "ती."

"मंग तू काऊन नाई बोलत?"

"तो दुसरा प्रश्न झाला," म्हणाले आणि कोथिंबीर न घेताच सटकले. नियमाचा असाही उपयोग होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

घरच्यांशी त्यांचं बोलणं मी जीपमध्ये रोज ऐकते. बायकोचा फोन येतो. "जेवलो. तू जेवलीस? बरं." संपलं. दिवसभर गावोगावच्या बायकांना पोटातलं विचारणारा माणूस घरी पोटाचं एवढंच विचारतो, म्हणून आम्ही पाठीमागे हसायचो.

मग या उन्हाळ्यात जैनीबाई भेटली. खरं नाव वेगळं आहे. अंगणात मोहफुलं वाळत होती आणि ती हाताने ती परतत बसली होती. डॉक्टरांनी विचारलं, किती वेळा दिवस गेले, किती पडले. तिने खाली मान घालून सांगितलं. मग मान वर केली. "आता माहा. तुह्या बायकोचे किती पडले?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी पदर चाचपला.

"एक," डॉक्टर म्हणाले. "मुलाच्या आधी."

"तवा तू कुठी होता?"

आता ते दुसऱ्या प्रश्नाचं म्हणतील, याची मी वाट पाहिली. ते म्हणाले, "इकडेच. अशाच एका गावात."

"मंग घरी गेला तवा ती का म्हणे?"

"मी विचारलं नाही."

जैनीबाईचा हात फुलांवर थांबला. रागाने नाही, नवल वाटावं तशी म्हणाली, "मले पुसाले एवढ्या जंगलात आला. तिले नाई पुसलं?"

डॉक्टरांचे कान लाल झाले नाहीत. चेहराच उतरला. इतकी शरम मी कुणाच्या तोंडावर पाहिली नाही, आणि ती वाटून घ्यायला तिथे कुणी नव्हतं. माझीही नजर खाली गेली. इतकी वर्षं मी लाटण्याला हसत होते.

ते उठले आणि गावामागच्या टेकडीवर गेले. नेटवर्क तिथेच मिळतं. बराच वेळ आले नाहीत तेव्हा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला, म्हणून मी बोलवायला चढले. ते पाठमोरे एका दगडावर बसले होते.

"नाही, तब्येत बरी आहे. हो, जेवलो. अगं, ते राहू दे. ऐक ना." मग आवाज अगदी बारीक झाला. "एक तुझा, एक माझा. आधी तू विचार."

ते कानाला फोन लावून तसेच बसून राहिले.

मी आवाज न करता खाली उतरले आणि ड्रायव्हरला म्हटलं, "बंद कर गाडी. टाइम लागते."