हिंमतरावांचा आराखडा चौकात

विरेश पुण्याहून लाइफ कोच होऊन बेंबळीला परतला, पण म्हणजे नेमकं काय होऊन परतला, हे त्याच्या आईला, चन्नम्माला, काही उमगेना.

"करतोस काय तू?"

"लोकांना त्यांच्या आयुष्याचा आराखडा करून देतो, अव्वा. पाच वर्षांत कुठं पोचायचं, कसं पोचायचं."

"आन् त्यास्नी ते ठावं न्हाय?"

"न्हाय."

"आन् तुला ठावं हाय?"

चन्नम्माचा करडईच्या तेलाचा घाणा होता, चांगला चालायचा. तिनं सरळ सांगून टाकलं, "दसऱ्यापर्यंत तुझं तू बघ. गिऱ्हाईकं मिळाली तर ठीक, न्हायतर गुमान घाण्यावर बसायचं."

पहिलं गिऱ्हाईक मिळालं तेही हिंमतरावांसारखं. हिंमतरावांनी ज्या दुकानातून चप्पल घेतली, त्या दुकानासमोर दुसऱ्या दिवशी अख्खं गाव अनवाणी उभं राही, असा त्यांचा दबदबा. हा माणूस खूश झाला की गाव आपलंच, हे विरेशनं ओळखलं. हिंमतरावांनी आधी ट्रॅक्टर, बोअर, माडीवरच्या खोल्या असं सांगायला सुरुवात केली.

"ते सोडा, आबा. मनातलं सांगा."

हिंमतरावांनी दार लावलं. कोपऱ्यात बसलेल्या शेळीलाही बाहेर हाकललं. मग अगदी हळू आवाजात बोलले. पोट कमी करायचं होतं. राग आवरायचा होता. आणि थोरल्या भावाशी, दगडोबांशी, बोलायचं होतं. बांधावरच्या जांभळीवरून अबोला धरला होता. जांभूळ वादळात कधीच आडवं झालं, अबोला मात्र जोमात होता.

विरेशनं आराखडा आखून मोबाइलवर पाठवला. पहिली दोन वर्षं पोट, पुढची दोन राग आणि पाचव्या वर्षी दगडोबा. अवघड काम शेवटी घ्यायचं, असं त्याला शिकवलेलं होतं.

"आता हे मोठं छापून लावा, आबा. सकाळी पहिली नजर जाईल तिथं."

इथं विरेश चुकला. हिंमतरावांचे डोळे सकाळी उघडे असत, पण नजर अशी त्यांना यायची ती चौकात, शिवपुत्रच्या हॉटेलात, दुसऱ्या कपानंतर. आणि त्या बाकड्यावरून समोर दिसायची ती वाढदिवसांच्या फ्लेक्सची लोखंडी चौकट.

त्यांनी आराखडा थेट फ्लेक्सवाल्याकडं धाडला. त्यात फ्लेक्सवाल्याची एक पद्धत होती. कोरी जागा सोडणं त्याला अपशकुनी वाटे. त्यानं हिंमतरावांचा गॉगल घातलेला, कानाला मोबाइल लावलेला फोटो मधोमध टाकला. खाली शुभेच्छुकांची रांग लावली, कोपऱ्यात 'मार्गदर्शक' म्हणून विरेश चिकटवला. आणि पाचव्या वर्षासमोर जागा उरली, म्हणून पुतण्याच्या लग्नातल्या जुन्या फ्लेक्समधले दगडोबा काढून तिथं बसवले, फेट्यासकट.

सकाळी विरेश चौकात आला आणि धावतच बाकड्याकडं गेला.

"आबा, हे घरात लावायचं होतं."

"घरात मी असतोय कुठं?" हिंमतराव म्हणाले. "शिवपुत्र, भजी आण."

शिवपुत्र हलला नाही. "आबा, समोर बघा. पैलं वर्ष पोटाचं हाय."

"आरं, दोन वर्षं हायती त्याला."

"मग दोन वर्षांनी या भज्याला."

त्या दिवसापासून गावाला काम मिळालं. ज्या घरी हिंमतराव जात, तिथं पोहे आत जात आणि ताक बाहेर येई. बायाबापड्या वाटेत त्यांना थांबवून पोटाची चौकशी करत. रागाचं तर विचारूच नका. माणसं मुद्दाम गाडी आडवी लावायची, धोतराला चिखल उडवायची आणि तोंडाकडं बघत उभी राहायची.

"आबा, राग आला का?"

"न्हाय."

"थोडका बी?"

"न्हाय म्हणलं ना."

"आवाज चढला, आबा."

श्रावण सरेपर्यंत हिंमतरावांचा सदरा समोरून सरळ पडायला लागला आणि चेहऱ्यावर अशी शांती आली, की तुळजापूरला एका परगावच्या भक्तानं त्यांना पुजारी समजून नारळ दिला. त्यांनी मुकाट्यानं फोडूनही दिला.

मग एके दिवशी दगडोबा आले. त्यांचं शेतातल्या वस्तीवरच राहणं, चौकात येणं क्वचित. फ्लेक्ससमोर काठी टेकून त्यांनी आपला फेटा बघितला, मग खालची मुदत वाचली. बाकड्यावर हिंमतराव ताक पीत होते. हॉटेलातले चमचे थांबले. विरेशला वाटलं, आता काठी उठणार.

"पाचव्या वर्षी?" दगडोबा फ्लेक्सला म्हणाले. "आन् तवर म्या थांबावं? कुणाच्या भरवशावर?"

त्यांनी काठीचं टोक वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर नेलं.

"पोट आधी आन् भाऊ शेवटी," दगडोबांनी आता तोंड बाकड्याकडं वळवलं. "कुण्या शहाण्यानं लिवलं?"

हिंमतरावांनी विरेशकडं बोट केलं. मग ते बोट खाली आलं, पेला खाली आला, आणि ते म्हणाले, "दादा, बसा की."

दगडोबा बसले. शिवपुत्रनं कुणालाही न विचारता भजी तळायला घेतली.

आता विरेशच्या दारात रांग लागायला हवी होती. आले एकटे हिंमतराव.

"विरेश, पाच वर्षांचं समदं उरकलं की. आता उरलेल्या वर्षांत म्या काय करू?"

विरेशनं कोर्सची वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळायला घेतली. बाकी कुणी फिरकलंच नाही. एकानं रस्त्यात कारणही सांगितलं, "चौकात लावलं की गावच करून घेतंय. तुझी फी कशापायी?"

विरेशनं पुण्याची बॅग भरायला घेतली. दसऱ्याला अजून अवकाश होता, त्याआधीच निसटावं, असा त्याचा बेत होता. पहाटेच्या एसटीसाठी तो चौकात आला, तर चौकटीत नवा फ्लेक्स. मधोमध गॉगल घातलेला विरेश. त्यानं आयुष्यात गॉगल घातला नव्हता. खाली दोनच ओळी होत्या. घाण्यावर बसणे, मुदत सोमवार. लग्न करणे, मुदत तुळशीचं लग्न लागल्यावर लगेच. शुभेच्छुकांत हिंमतराव आणि दगडोबा एकमेकांना खेटून, आणि मार्गदर्शक म्हणून चन्नम्मा.

एसटी आली. कंडक्टरनं दार उघडलं, फ्लेक्स बघितला, विरेशकडं बघितलं आणि दार लावून घेतलं.

शिवपुत्रनं बाकड्यावर चहा ठेवला. "घ्या, कोचसाहेब. पिऊन झाला की निघा. सोमवार आजच हाय."