जुना पार्ट कुठाय?

भिवाआप्पा चहासुद्धा कप उचलून, बुडाखाली बघून मग प्यायचे. "काय असतंय तिथं?" मी एकदा विचारलं.

"काय न्हाई. पर बघावं."

आप्पा निमोण्याचे. त्यांची जुनी जीप कायम शिरूरच्या रफिक मिस्त्रीकडं असायची. काम चालू असेपर्यंत आप्पा शेजारी टायरवर बसून. घरून निघतानाच पार्टांवर हिरव्या रंगाचे ठिपके देऊन आणायचे. बदललेला जुना पार्ट गिऱ्हाइकाला दाखवायचा ही आमच्याकडची रीतच आहे. बाकीचे बघून सोडून देतात, आप्पा तो पोत्यात घालून गावी न्यायचे.

एक दिवस दोघांचं फाटलं. "नवा म्हणून माझाच ठिपक्याचा क्लच परत घातला!" आप्पा गावभर सांगत सुटले. जीप घरच्या दारात उभी केली आणि माझ्याकडं आले.

मी बी.कॉम. आमच्या घराण्यातला पहिला. शिरूरला कॉम्प्युटरचे क्लास काढले होते. तिथं गाडीदुरुस्तीच्या गेमची सीडी आहे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"शिकीव मला. जीप मीच खोलतो. मिस्त्रीचं तोंड बघाया नगं."

गेममध्ये एकेक गाडी यायची. खराब पार्ट लाल दिसायचा. तो काढायचा, नवा बसवायचा, की काम पूर्ण. आप्पांनी पहिला ब्रेक काढला आणि ओरडले, "जुना कुठाय?"

"गेला, आप्पा."

"गेला म्हंजी? न्हेला कुणी?" त्यांनी वाकून टेबलाखाली बघितलं. मग माझ्या खिशाकडं.

नवा पार्ट बसवला, की तो परत काढून बघायचे. मधेच कुणी बदलला तर? गिऱ्हाईक दिसत नाही, हा आणखी एक संशय. "गाडी चोरीची हाय. मालक असता तर हितं बसला नसता व्हय?"

हळूहळू संशय मलाच यायला लागला. माणूस रोज येतोय, पण दारातल्या जीपला बोट लावत नाही. सरळ रफिककडं गेलो.

"आप्पांचा जुनाच क्लच परत घातलास?"

"घातला की," तो म्हणाला. "चांगला होता. अलीकडं आप्पा चांगलीच गाडी आणायचे. कधी वायर ढिली करून, कधी एखादा नट. मी खोलायचो, पुसायचो, तेच बसवायचो. दिवस जायचा दोघांचा."

"मग भांडण कशाचं?"

रफिक हातातलं फडकं पिळत राहिला. "त्या दिवशी गर्दी होती. चारचौघांत बोलून गेलो. म्हटलं, आप्पा, गाडीला काय झालेलं न्हाई, घरी जावा."

आप्पांच्या घरच्या काकू वारल्या होत्या, पोरगा कुरकुंभला कंपनीत शिफ्टला. निमोण्याच्या त्या घरात आप्पा आणि कुलूप, एवढंच.

दुसऱ्या दिवशी रफिक क्लासच्या दारात उभा. आप्पांनी मान वळवली नाही. पडद्यावरचा प्लग काढला, घातला, पुन्हा काढला.

"आप्पा, तुमची जीप आवाज करती म्हणं."

"बंद हाय ती. आवाज कुठनं करंल?"

"बंद गाडी लई बिघडती. सगळी खोलावी लागंल. दोन दिवस तरी जातील."

आता आप्पा वळले. रफिकला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "दोन? एवढं काय हाय तिच्यात? मी तिथनं हालायचो न्हाई, आदीच सांगून ठिवतो."

"म्हणून तर दोन म्हटलं," रफिक म्हणाला.